सिटी व्हीटेकचं अर्धवट इंजिन आणि न फोडायच्या जोड्या

होंडा सिटी १.५ व्हीटेकचा एक जास्तीचा ब्लॉक, सिलिंडर ७५.५ मिलिमीटरला बोअर (रुंद) करून होन केलेला, म्हणजे घासून शेवटच्या मापाला आणलेला. चार फोर्ज्ड पिस्टन, त्यांच्या पिना आणि रिंगा. चार फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड. पॉलिश केलेला मूळ क्रँक. व्हॉल्व्ह सीट कापलेलं हेड. टीडी०४ टर्बो, ४५० सीसीचे चार इंजेक्टर, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक), बंद पाकिटातलं हेड गॅस्केट, हेड स्टड, बेअरिंगचे बॉक्स. मशीनिंग पूर्ण झालेलं आणि जुळणीला हातही लागलेला नाही, अशा टप्प्यावर काम थांबलं आणि सगळं विकायचं ठरलं.

२००३ मध्ये आयडीएसआय इंजिनाची नवी सिटी आली, तोवर विकली गेलेली ही १०६ बीएचपीची गाडी. तिच्यावर जीव असणारी माणसं पुण्या-मुंबईत अजून भरपूर आहेत, त्यामुळे गिऱ्हाईक मिळतं. घोडं अडतं ते सामान फोडून विकताना. कोणता नग कुणापासून वेगळा करायचा आणि कोणता अजिबात करायचा नाही, हे आधी ठरवलं नाही तर पहिल्या आठवड्यात चांगला माल उचलला जातो आणि उरलेलं भंगाराच्या भावात द्यावं लागतं. खाली लिहिलं आहे ते या एका इंजिनाच्या विक्रीत जसं करत गेलो तसं.

पहिल्यांदा पिस्टनची चौकशी येते. बॉक्स दिसायला देखणा, कुरिअरने पाठवायला सोपा, मागणी भरपूर. ‘फक्त पिस्टन देता का’ असा निरोप दिवसाला दोन-तीन वेळा येतो. आम्ही दिले नाहीत, कारण ब्लॉक त्या पिस्टनांच्या मापाला होन केलेला होता. मशीन शॉपमध्ये पद्धत अशी असते की आधी पिस्टन हातात घ्यायचे, प्रत्येकाचं माप लिहायचं आणि त्यावर क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा) धरून त्या-त्या सिलिंडरचं होनिंग शेवटच्या मापाला आणायचं. १ नंबरचा पिस्टन १ नंबरच्याच बोअरमध्ये जातो. पिस्टन निघून गेले की मागे उरतो तो ७५.५ चा ब्लॉक, आणि तो घेणाऱ्याला दुसऱ्या कंपनीचे पिस्टन बसवायचे तर क्लिअरन्स नशिबावर. दुसऱ्या पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) २० मायक्रॉनने लहान निघाला तर ब्लॉक वाया, आणि पुढच्या ओव्हरसाइजला जायचं तर लायनर (सिलिंडरचं अस्तर) आणखी पातळ. डी सिरीजचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर, वरून ओपन डेक, म्हणजे लायनरच्या वरच्या टोकाला भोवतीचा आधार नाही. टर्बो लावणाऱ्याला त्या लायनरची जाडी मनापासून हवी असते.

क्लिअरन्सचे आकडे जाहिरातीत उघड लिहावेत. टर्बोसाठी घेतात ते फोर्ज्ड पिस्टन बहुतेक २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे असतात. तो धातू गरम झाला की जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स मोकळा ठेवावा लागतो. आमच्याकडे ८० मायक्रॉन होता. ४०३२ मिश्रधातूच्या पिस्टनला ५० मायक्रॉनच्या आसपास पुरतात, कारखान्यातून आलेल्या मूळ पिस्टनला त्याहून कमी. हे माहीत नसलेला मेकॅनिक ८० आकडा पाहून ‘बोअर खाल्लाय’ म्हणतो आणि भाव पाडतो. म्हणून आकड्याशेजारी मिश्रधातूचं नाव आणि पिस्टन कंपनीच्या कागदावर छापलेला क्लिअरन्स, दोन्ही लिहिलं. त्या कागदाचा फोटो जोडला की वाद तिथेच मिटतो.

माप कसं घेतलं हेही लिहावं लागतं. पिस्टन मायक्रोमीटरने, पिनच्या काटकोनात, स्कर्टवर कंपनीने सांगितलेल्या उंचीवर. बोअर डायल बोअर गेजने, वर-मध्ये-खाली अशा तीन खोलींवर आणि दोन दिशांनी. म्हणजे सिलिंडरमागे सहा, चार सिलिंडरची चोवीस मापं. एका कागदावर तक्ता करून त्यावर तारीख आणि त्या वेळचं तापमान टाकलं. तापमान लिहिण्याचा आग्रह धरण्यामागे साधं गणित आहे. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. २० अंशांऐवजी मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशांवर माप घेतलं तर ७५ मिमीच्या पिस्टनमध्ये आणि बोअरमध्ये मिळून क्लिअरन्स १५ ते २० मायक्रॉननी कमी दिसतो. पुण्यात सकाळी सातला घेतलेलं माप आणि नागपुरात भर दुपारी घेतलेलं माप जुळलं नाही, तर विकणारा खोटं बोलला असं होत नाही. ब्लॉक आणि पिस्टन एकाच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मापायचे, आणि घेणाऱ्यालाही तसंच करायला सांगायचं.

रिंगांचा मामला याच जोडीतला. रिंग बोअरमध्ये सरकवून तोंडातली फट घासून काढतात. मूळ इंजिनाला बोअरच्या दर इंचाला चार थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरतात, टर्बोला साडेपाच-सहा. ७५.५ मिमी म्हणजे २.९७ इंच, त्यामुळे आमच्या वरच्या रिंगेची फट ०.४२ मिमीला आणलेली होती, दुसरीची ०.४५. घासलेली रिंग मोठ्या फटीकडे नेता येते, मागे आणता येत नाही. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात कुणी त्या रिंगा घातल्या तर क्रँककेसमध्ये गॅस जातो आणि ब्रीदरमधून तेल बाहेर येतं. ‘नव्या रिंगा’ असं न लिहिता ‘न चाललेल्या, ०.४२/०.४५ ला घासलेल्या’ असं लिहिलं. प्रत्येक सिलिंडरच्या रिंगा वेगळ्या पाकिटात, वर नंबर. त्या एकत्र झाल्या की पुन्हा चार वेळा फीलर गेज घेऊन बसावं लागतं.

आता पावसाळा. हा मुद्दा सगळ्यात आधी लिहायला हवा होता, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. नुकतं होन केलेलं बिडाचं लायनर कोरडं असलं की जून-जुलैच्या हवेत दोन दिवसांत तांबूस होतं. कोकणात आणि मुंबईत एक रात्रही पुरते. फवारायचं पातळ तेल काही दिवसांत उडून जातं. आम्ही लायनरला हाताने इंजिन ऑइल लावलं, ब्लॉक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत गंजरोधक व्हीसीआय कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, आणि ब्लॉक लादीवर न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून पांढऱ्या फडक्याने लायनर पुसायचं. फडकं तांबूस आलं तर तेल पुन्हा. गिऱ्हाईक पाहायला आलं की तेच फडकं त्याच्यासमोर फिरवलं. दहा फोटोंपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

गंज धरला तर ‘जरा होन मारून घ्या’ म्हणणं सोपं असतं. त्याची किंमत आकड्यांत अशी पडते. होनिंगमध्ये बोअर २० मायक्रॉनने वाढला तर क्लिअरन्स ८० चा १०० होतो. रिंगेची फट बोअरच्या घेराबरोबर वाढते, म्हणजे वाढीच्या तिपटीहून जरा जास्त धरा. २० मायक्रॉनला फट ०.०६ मिमीने मोठी होऊन ०.४२ ची ०.४८. एका निष्काळजी आठवड्यात पिस्टन, रिंगा आणि ब्लॉक या तिघांची जोड सैल पडते. ज्याला ब्लॉक महिनोन्‌महिने ठेवायचा आहे त्याने शेवटचं होनिंग करूनच घेऊ नये. बोअर थोडा लहान ठेवून विकावा आणि शेवटचं माप घेणाऱ्याच्या मशीन शॉपवर सोडावं. आमचं होनिंग झालेलं होतं, त्यामुळे हा मार्ग बंद होता.

पिस्टनच्या बॉक्सवरचा कॉम्प्रेशनचा आकडा (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो) हा पुढचा सापळा. डी सिरीजसाठी तयार मिळणारे बहुतेक फोर्ज्ड पिस्टन १.६ लिटरच्या, ९० मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या खाली-वर चालीच्या) इंजिनांसाठी केलेले असतात. बॉक्सवर छापलेला आकडा त्या इंजिनाचा. आपल्या १.५ चा स्ट्रोक ८४.५. रॉडची लांबी वेगळी, ब्लॉकची उंची वेगळी, हेडमधल्या चेंबरचं आकारमान वेगळं. हिशोब असा मांडायचा: क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची, त्यातून अर्धा स्ट्रोक म्हणजे ४२.२५, रॉडची लांबी आणि पिस्टनची कॉम्प्रेशन हाइट (पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची) वजा. उरेल तेवढा पिस्टन माथ्याखाली राहतो. ७५.५ बोअरला एका सिलिंडरचं आकारमान ३७८ सीसी येतं. पिस्टन माथ्याला लागून असताना कॉम्प्रेशन ९ येत असेल आणि प्रत्यक्षात तो पाऊण मिलिमीटर खाली राहिला, तर चेंबर ३.४ सीसीने वाढतो आणि ९ चं साडेआठच्या जरा खाली येतं. टर्बोवाल्याला हे चालतं, कधी हवंच असतं. साधं इंजिन बांधणारा मात्र बॉक्सवरचा आकडा वाचून पैसे मोजतो आणि गाडी मरगळलेली निघाली की फोन करतो. जाहिरातीत कॉम्प्रेशन हाइट, पिनचा व्यास आणि डिशचं (पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्याचं) आकारमान लिहिलं. डिश ब्युरेटने मोजली: माथ्यावर ग्रीस लावून ॲक्रिलिकचा तुकडा ठेवायचा आणि भोकातून रंगीत पाणी सोडायचं. अर्ध्या तासाचं काम.

रॉड आणि पिस्टन ही दुसरी जोड. या इंजिनाच्या मूळ रॉडमध्ये पिन दाबून बसवलेली असते. फोर्ज्ड पिस्टनच्या पिना मोकळ्या फिरणाऱ्या, दोन्ही बाजूंनी लॉक लावून धरलेल्या. त्या पिनांना बुश असलेला रॉड लागतो. म्हणून रॉड वेगळे मागणाऱ्याला आधी विचारलं की पिस्टन कोणते आहेत. त्याच्याकडे १९ मिमीच्या मोकळ्या पिनांचे पिस्टन असतील तर रॉड वेगळे देता येतात. नाहीतर तो रॉड घेऊन जातो आणि महिन्याने परत आणतो.

रॉड वेगळे निघालेच तर बोल्टचा पुरावा लागतो. चांगल्या रॉड बोल्टचा ताण टॉर्क रेंचपेक्षा बोल्ट किती लांबला यावरून मोजतात. आमचे रॉड मशीन शॉपमध्ये बिग एंडचं (क्रँकवर बसणाऱ्या मोठ्या टोकाचं) माप घ्यायला एकदा आवळून सोडलेले होते. प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरने मोजली आणि नव्या बोल्टच्या लांबीशी ताडली. एक थावाने किंवा त्याहून जास्त कायमचा लांबलेला बोल्ट टाकून द्यायचा, हा बोल्ट बनवणाऱ्यांचाच नियम. आठही बोल्ट नियमात होते आणि तसा तक्ता दिला. कॅप कधीही अदलाबदल करायच्या नाहीत; बिग एंड कॅप आवळून गोल केलेला असतो. पाठवताना कॅप रॉडवर बोटाने फिरवून बसवलेल्याच ठेवल्या, म्हणजे वाटेत सरमिसळ होत नाही.

क्रँक, मेन बेअरिंग आणि ब्लॉक यांच्याबद्दल थोडक्यात. होंडाची बेअरिंगं रंगाच्या खुणेवर येतात, निळा-काळा-तपकिरी-हिरवा असा जाडीचा क्रम, आणि ब्लॉक व क्रँकवर ठोकलेल्या खुणा पाहून रंग निवडायचा. क्रँक पॉलिश झाला असेल तर त्या खुणांवर विसंबून राहता येत नाही, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे क्रँकचे गोल भाग) मोजावी लागतात. बेअरिंगचा सील न फोडलेला बॉक्स कुणालाही विकता येतो. एकदा बेअरिंगवरच्या टोप्या आवळल्या की ती शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) विकायची नाहीत, दिसायला कितीही कोरी असोत.

हेडचा खरेदीदार वेगळा असतो. त्याला ब्लॉकशी देणं-घेणं नसतं; गाडीचं हेड वाकलं म्हणून तो तयार हेड शोधतो. त्यामुळे हेड स्वतंत्र विकलं आणि लवकर गेलं. सरळपट्टी आणि फीलर गेज लावून तळ तपासला, ०.०५ मिमीची पाती कुठेच जात नव्हती. चेंबर वर करून प्लग लावले, डिझेल भरलं आणि पोर्टमधून पाझरतंय का ते दहा मिनिटं पाहिलं. सगळा व्हिडिओ एकाच सलग तुकड्यात घेतला. हेड किती खरवडलं हा आकडा लपवू नये: तळ घासला की कॉम्प्रेशन वाढतं आणि कॅमची वेळ थोडी मागे सरकते. कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हीसुद्धा जोडच, एकमेकांवर घासून बसलेली. कॅम एकाला आणि रॉकर दुसऱ्याला दिले की दोघांच्याही गाडीत लोब खाण्याची भीती. हेड या दोघांसकट दिलं. एमएलएस (पोलादी थरांचं) गॅस्केट मात्र हेडबरोबर न देता ब्लॉकबरोबर ठेवलं, कारण ते बोअरच्या मापाचं असतं, ७५.५ च्या बोअरवर लहान भोकाचं गॅस्केट बसलं तर त्याची कड आत येते आणि जळते.

टर्बोच्या बाबतीत लोक शाफ्ट हलवून पाहतात आणि घाबरतात. तेलाच्या पडद्यावर फिरणाऱ्या बुशमध्ये कडेच्या दिशेने थोडा खेळ असतोच. पाती घराला घासत नाहीत ना एवढं पाहायचं. पुढे-मागे होणारा खेळ मात्र बोटाला जेमतेम जाणवेल न जाणवेल इतकाच असावा, आणि तो डायल गेज लावून दाखवावा. कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा भिंगातून दिसतील इतक्या जवळून फोटो. गॅरेजात एक खोड दिसते: गॅरेजच्या एअर काँप्रेसरची हवा पात्यांवर मारून टर्बो ‘वाजवून’ बघतात. तेल नसताना शाफ्ट हजारो फेऱ्या फिरतो आणि चांगल्या बुश तिथेच खरवडल्या जातात. पाहायला आलेल्याच्या हातात हवेची गन जाऊ देऊ नये. तेलाची आणि पाण्याची सगळी तोंडं बुचांनी बंद ठेवायची; एक खडा आत गेला तरी पुरे.

इंजेक्टरचे दोन आकडे द्यावे लागतात, प्रवाह आणि रोध. मल्टिमीटरवर १२ ते १६ ओहम आले तर हाय इम्पिडन्स, बहुतेक ईसीयूंना सरळ जोडता येतात. २-३ ओहम आले तर रेझिस्टर बॉक्स किंवा पीक अँड होल्ड ड्रायव्हर लागतो, नाहीतर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. टेस्ट बेंचवर ३ बार दाबाला ३० सेकंद उघडे ठेवले तर ४५० च्या इंजेक्टरमधून २२५ मिली यायला हवं. चारही नळकांड्यांचा एकत्र फोटो घेतला. चार इंजेक्टर म्हणजे एक नग. तीन देऊन एक राखून ठेवण्यात अर्थ नाही.

ईसीयू विकताना वायरिंग हार्नेस कापू नये. कनेक्टर मागे निदान एक फूट वायर आणि पिनांचा तक्ता सोबत असेल तर भाव टिकतो. फर्मवेअरची आवृत्ती लिहावी. ट्यूनरने पासवर्ड टाकून कुलूप लावलं असेल तर विक्रीआधी ते काढून घ्यावं, कारण कुलूपबंद ईसीयू घेणाऱ्याला शून्यापासून सुरू करावं लागतं.

कागदपत्रांचा भाग कोरडा आहे पण टाळता येत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. गाडीचा स्वतःचा ब्लॉक विकायला काढला तर ती गाडी आरसीवर नसलेल्या इंजिनावर राहते. पुढे विकताना, पासिंगला, विम्याच्या दाव्याला हे उघड होतंच. म्हणून बिल्ड जास्तीच्या ब्लॉकवर करावं आणि मूळ ब्लॉक गाडीत परत जाऊ शकेल असा जपून ठेवावा. जास्तीचा ब्लॉक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा कुठल्याही भंगार बाजारातून घेतला असेल तर त्यावरच्या नंबरासकट पावती हवी. आमच्याकडे ती होती आणि प्रत्येक गंभीर खरेदीदाराने ती मागितली. मागायलाच हवी, पावती नसलेला नंबरी ब्लॉक चोरीच्या गाडीचा निघाला तर त्रास घेणाऱ्याला होतो. घेणाऱ्यालाही सांगून ठेवावं की इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ याच विषयाचं आहे. नंबर घासलेला ब्लॉक घेऊ नये आणि विकूही नये.

भाव ठरवताना बांधणाऱ्याच्या मनात झालेला सगळा खर्च असतो. त्यातला परदेशी मालावरचा कस्टम आणि भाडं काही अंशी परत येतं, कारण घेणाऱ्यालाही आज मागवलं तर ते पडणारच असतं. ड्यूटी भरल्याची पावती जपली असेल तर दाखवावी. बोअरिंग, होनिंग, बॅलन्सिंग यांची मजुरी सुट्या नगावर एक रुपयाही परत देत नाही. जोड अखंड असेल तरच तिला किंमत मिळते. आम्ही धरलेलं प्रमाण असं: सील न फोडलेला बॉक्स आजच्या घरपोच दराच्या पाऊणपट, बसवून काढलेला न चाललेला नग निम्म्याच्या आसपास, चाललेला नग एक तृतीयांश. ब्लॉक-पिस्टन-रिंगा-रॉड यांचा संच पिस्टन आणि रॉडच्या निम्म्या दराला अधिक मशीनिंगच्या बिलाचे पन्नास टक्के, असा लावला. सुटे विकून कागदावर थोडे जास्त जमले असते, पण मागे निरुपयोगी ब्लॉक उरला असता.

जाहिरातीचा मजकूर एवढाच ठेवला (शॉर्ट ब्लॉक म्हणजे हेडशिवायचं खालचं इंजिन):

‘सिटी १.५ व्हीटेक, टर्बोसाठी तयार शॉर्ट ब्लॉक, सुटा, जुळणी केलेली नाही. बोअर ७५.५, होन केलेला, चोवीस मापांचा तक्ता सोबत. पिस्टन २६१८ फोर्ज्ड, क्लिअरन्स ८० मायक्रॉन. रिंगा ०.४२/०.४५ ला घासलेल्या, न चाललेल्या. रॉड एकदा आवळलेले, बोल्टच्या लांबीचा तक्ता सोबत. ब्लॉक नंबरची पावती आहे. पिस्टन वेगळे मिळणार नाहीत. पाहायला या, मायक्रोमीटर घेऊन या.’

शेवटच्या दोन वाक्यांनी निम्मी निरर्थक चौकशी थांबते. तरी ‘भाऊ, लास्ट किती?’ येतंच. माप विचारणाऱ्याशी भावाचं बोललो आणि फक्त भाव विचारणाऱ्याला जाहिरातीतलाच आकडा परत पाठवला. पहिला चांगला प्रश्न बहुतेक वेळा ‘क्रँक कितीला घासलाय?’ किंवा ‘डेक फेस केलाय का?’ (ब्लॉकचा माथा घासून सपाट केलाय का) असा असतो. तसं विचारणारा माणूस खरंच इंजिन बांधायला बसलेला असतो, त्याला वेळ द्यावा.

बयाणा दहा टक्के, सात दिवसांची मुदत, दोन्ही लिहून. ऑनलाइन फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार इथेही येतो: सैन्यात आहे म्हणून सांगणारा, माल न पाहता भाव मान्य करणारा, ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागणारी खिडकी आली की पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत. रक्कम जमा झाल्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरायचा नाही, बँकेचं ॲप उघडून पाहायचं.

पॅकिंगला एक पूर्ण दिवस ठेवावा. ब्लॉकच्या माथ्यावर १२ मिमीचं प्लायवूड हेड बोल्टच्या भोकांतून आवळलं, म्हणजे माथ्याला टोचा लागत नाही आणि लायनरवर धूळ पडत नाही. खाली लाकडी चौकट, गिअरबॉक्सच्या बाजूच्या भोकांतून बोल्टने धरलेली. हमाल खोकं उलटं ठेवणारच असं धरून आतला नग कुठल्याही बाजूने हलता कामा नये. पिस्टन प्रत्येकी वेगळ्या फोममध्ये, स्कर्ट कुठेच टेकू न देता. रिंगा पिस्टनवर चढवून पाठवल्या तर एक तरी वाकते. क्रँक दोन टोकांवर टेकवू नये, मधल्या जर्नललाही लाकडाचा आधार द्यावा. कॅम ओतीव असतो आणि पडला तर काचेसारखा तुटतो. जाड पीव्हीसी पाइपात फोम भरून, दोन्ही टोकांना बूच. इंजेक्टरला पेट्रोलचा वास असेल तर कुरिअरवाला घेत नाही, आधी धुवून वाळवावेत. हलक्या पण मोठ्या खोक्याला लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागलेलं वजन लावतात, म्हणून टर्बोचं खोकं आटोपशीर केलं. ब्लॉक ट्रान्सपोर्टने; राज्याबाहेर ५० हजारांच्या वर किंमत लिहिली की ट्रान्सपोर्टवाला ई-वे बिल मागतो, त्याच्याशी आधीच बोलून घ्यावं.

विक्रीच्या कागदावर दोघांची नावं, नगांची यादी, ब्लॉकचा नंबर, मापांचा तक्ता आणि एक अट: माल मिळाल्यापासून तीन दिवसांत घेणाऱ्याने आपल्या मशीन शॉपमध्ये मापावं. दोन्हीकडच्या मापात १० मायक्रॉनपर्यंत फरक आला तर तो गेजचा आणि हवेचा धरायचा. त्याहून जास्त आला तर दोघांचं सेटिंग रिंगवर (ठराविक मापाच्या कड्यावर) गेज शून्य करून पुन्हा एकदा माप, आणि तरीही जमलं नाही तर माल परत, येण्याचं भाडं विकणाऱ्याकडे. शॉर्ट ब्लॉक कोल्हापूरला गेला. उद्यमनगरात मापला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमध्ये ६ मायक्रॉनचा फरक निघाला, आणि व्यवहार तिथेच पुरा झाला.

मागे टेबलावर उरली ती किरकोळ मंडळी: मशीन शॉपने बघायला काढलेले आठ पिन-लॉक, फोडलेलं इनटेक गॅस्केट, आवळून सोडलेली चार बेअरिंग शेल. पिन-लॉक एकदा काढला की त्याचा ताण गेलेला असतो. तो सुटला तर पिन सरकून लायनर चिरते. नवे लॉक पिस्टनच्या बॉक्समध्ये दिले होते. जुने आठही पक्कडीने वाकवले, कुणी चुकून उचलू नयेत म्हणून, आणि शेलांसकट भंगाराच्या डब्यात टाकले.